आईचा पोचा

गाडी रंगून घरी आली त्या दिवशी आईने तिच्याभोवती एक चक्कर मारली. सावकाश, चष्मा वर-खाली करत, बॉनेटवर वाकून बघत, दाराच्या हँडलवरून बोट फिरवत. मी तिच्या मागे मागे, हात फडक्याला पुसत, कारण सव्वा वर्ष प्रत्येक शनिवार-रविवार मी त्या शेडमध्ये काढला होता आणि जगात कुणी काय म्हणतंय त्यापेक्षा ही बाई काय म्हणते हे मला ऐकायचं होतं. ती मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी आली, टेललाइटच्या जरा पुढे, आणि तिचा तळहात तिथे गेला. नुसता ठेवायला गेल्यासारखा. मग तो हात थोडा खाली सरकला, थोडा पुढे, परत वर. अंधारात भिंतीवर बटण शोधतो ना आपण, तसा. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझा पोचा कुठे गेला रे?"

"काढला ना," मी म्हटलं. आणि मला खरंच अभिमान वाटत होता तेव्हा.

"हो का. छान काढलायस, कळतही नाहीये," म्हणाली आणि सीट बघायला पुढे गेली. एवढंच. ना ती नाराज झाली, ना तिने विषय परत काढला. पण तो शोधणारा हात काही माझ्या डोक्यातून जाईना.

ही गाडी आमच्याकडे आली तीच मुळात सेकंडहँड. आधीच्या मालकाने नऊ वर्षं वापरलेली. बाबांनी घेतली, पण चालवली आईनेच जास्त, कारण बाबा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. शाळा, क्लास, दवाखाना, ताईचं सामान हॉस्टेलवर नेऊन टाकणं, सगळं ह्याच गाडीत आणि आईच्याच हाताखाली. पोचा अगदी सुरुवातीचा, फाटकाच्या सिमेंटच्या खांबाला रिव्हर्समध्ये लागलेला. तळहात बरोब्बर मावेल एवढा, कडेला एक चुणी. बाबा कितीदा म्हणाले की काढून घेऊ, ती म्हणायची राहू दे, परत लागेलच. पण परत कधी लागला नाही, आणि तो तिथेच राहिला. गर्दीच्या पार्किंगमध्ये आम्ही नंबर वाचायचो नाही, पोचा शोधायचो. पाऊस पडून गेला की त्या खळग्यात चारदोन थेंब अडकून बसायचे आणि मी ते बोटाने चुणीवरून खाली ढकलून द्यायचो, हे तर मला आत्ता लिहिताना आठवलं.

मग नवी गाडी आली, जुनी कव्हरखाली गेली, आणि कव्हरखाली अकरा वर्षं कशी गेली ते कुणालाच कळलं नाही.

मी काम सुरू केलं तेव्हा मला वाटलं होतं की इंजिन हाच मोठा प्रश्न असणार. इंजिन जाम होतं हे खरं, पण इंजिन माणसाला वेळ देतं. चारी प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि दहा दिवस हात लावला नाही. मग क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा सॉकेट लावून हळू दाब दिला, जोर न करता, एकदा इकडे एकदा तिकडे. पहिल्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी केसभर हललं. ते केसभर हलणं हाताला कळतं, डोळ्याला दिसत नाही, आणि ते कळलं तेव्हा मी शेडमध्ये एकटाच मोठ्याने "आली!" म्हणालो. तिथे घाई करून स्टार्टर मारला असता तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या आणि माझं बजेट तिथेच संपलं असतं.

खरा प्रश्न निघाला पत्र्याचा. गंज बाहेरून आत जातो असं आपल्याला वाटत असतं. जुन्या गाडीत बहुतेक वेळा तो आतून बाहेर येतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, त्यात माती आणि पालापाचोळा बसला की दार आतून बादली होतं. कार्पेटखालचा फोम ओला राहतो आणि वरून गाडी कोरडी ठणठणीत. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो वरच्या रंगाला फुगवतो, आणि आपल्याला बाहेर दिसतो तो नखाएवढा एक फोड. मी असा एक फोड स्क्रू ड्रायव्हरने टोचला आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. त्या संध्याकाळी मी सगळं बंद करून घरात येऊन बसलो आणि कुणाशी बोललो नाही.

पैसे कमी असले की त्या जागी वेळ घालावा लागतो, एवढा साधा हिशोब आहे ह्या कामाचा. बिजागऱ्या, बंपरचे ब्रॅकेट, जॅकचा दांडा, असले सुटे भाग मी बादलीत साफ केले. पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह एका भंगार सळईला, दोन्ही एकमेकांना न टेकवता पाण्यात सोडायचं. बारीक बुडबुडे यायला लागतात. ते हायड्रोजनचे, म्हणून हे उघड्यावरच करायचं, ठिणगीपासून लांब, आणि भागाला हात लावण्याआधी चार्जर बंद. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील चुकूनही वापरू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. रात्रभर ठेवलं की सकाळी गंजाचा मऊ काळा थर झालेला असतो, साध्या ब्रशने निघतो. आणि खाली चांगलं लोखंड जसंच्या तसं. एका ब्रॅकेटवर तर कारखान्यात ठोकलेला आकडा दिसायला लागला. तो ब्रॅकेट मी कितीतरी वेळ हातात घेऊन बसलो होतो.

काही ठिकाणी मात्र मी बजेट बघितलं नाही. टायर दिसायला छान होते, नक्षी पूर्ण, आणि मन म्हणत होतं की चालतील अजून. पण टायरच्या बाजूला जो डॉटचा कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे वाचायचे, 2000 सालापासून पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. माझ्या टायरवर 3508 होतं, म्हणजे 2008 सालातला पस्तिसावा आठवडा. रबर दगडासारखं झालेलं, बुडाशी बारीक चिरा. चारी बदलले. ब्रेकचंही तेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं, आणि त्यामुळे त्याचा उकळण्याचा बिंदू घसरतो. डॉट 3 प्रकाराचं ताजं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत टिकलं पाहिजे असा नियम आहे, पाणी शिरलेल्याला तोच आकडा 140. उताराला सारखा ब्रेक दाबावा लागला की एवढी उष्णता होऊ शकते, आणि उकळलेल्या ऑइलची वाफ दबते, मग पेडल सरळ खाली जातं. माझ्या गाडीतलं ऑइल काळपट तपकिरी झालेलं होतं. होज, सिलिंडर, किट, सगळं नवीन घातलं, माझ्या हातांनी घातलं आणि मग एका जुन्याजाणत्या मेकॅनिककडून तपासून घेतलं. त्यात मला कमीपणा वाटला नाही. हातोडी चुकली तर पत्रा वाकतो, ब्रेक चुकला तर माणूस जातो.

इग्निशनचे पॉइंट, म्हणजे प्लगला ठिणगी वेळेवर मिळावी म्हणून उघडझाप करणारे संपर्क, साफ करून 0.4 मिलिमीटरची फट बसवत होतो तेव्हा मला चार्ल्स केटरिंग ह्या माणसाबद्दल वाचायला मिळालं. कॉइल आणि पॉइंटची जी पद्धत पुढे कितीतरी दशकं गाड्यांत राहिली तिच्यामागे हाच. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आलेला इलेक्ट्रिक स्टार्टर, ज्याच्यामुळे समोर उभं राहून हँडल मारायची गरज संपली आणि गाडी चालवायला मनगटात ताकद लागेनाशी झाली, तोही ह्याचाच. आणि पुढे जनरल मोटर्सचं संशोधन बघताना गाड्यांचा रंग वाळायला आठवडे का लागतात ह्याच्या मागे लागणाराही हाच. ड्युपाँट ह्या रसायन कंपनीने 1923 च्या सुमाराला झटपट वाळणारा ड्यूको रंग काढला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. फर्निचरवाले आजही "ड्यूको करायचा का?" विचारतात तो शब्द तिथून आलेला. म्हणजे मी शेडमध्ये ज्या तीन कामांशी झटत होतो, ठिणगी, स्टार्टर आणि रंग, त्या तिन्हींत एकच माणूस शंभर वर्षांपूर्वी डोकं घालून गेला होता. मला त्या दिवशी शेड जरा कमी एकटी वाटली.

आता पोच्याकडे येतो.

डेंटिंग मी आयुष्यात पहिल्यांदा केलं ते त्या पोच्यावर. बाकी फुटलेला पत्रा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, पण हा पोचा मला स्वतःला काढायचा होता, का ते माहीत नाही. आतून लोखंडी डॉली, म्हणजे पत्र्यामागे टेकवायचा ठोकळा, धरायची, बाहेरून हातोडीने हलके ठोके. ज्यांनी आयुष्यभर हे काम केलंय ते लोक एक नियम सांगतात, पोचा ज्या क्रमाने पडला त्याच्या उलट क्रमाने काढायचा. धक्का बसतो तेव्हा आधी मधला भाग आत जातो आणि कडेची चुणी सगळ्यात शेवटी पडते, म्हणून काढताना चुणी आधी उतरवायची, कडेकडेने आत यायचं, आणि जिथे पहिला धक्का बसला ती जागा सगळ्यात शेवटी. नवशिका माणूस सरळ मध्यावर हातोडी घालतो, मग पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर करत बसतो. मी पहिल्या रविवारी नेमकं तेच केलं. दुसरा आणि तिसरा रविवार ते निस्तरण्यात गेला.

मग पुट्टी, अगदी पातळ, कारण जाड पुट्टी आज ना उद्या तडकते. मग घासणं. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने आकार, मग 180, मग 320, प्रायमर मारला की 600 चा वॉटर पेपर. मधे काळ्या स्प्रेचा एक हलका फवारा मारायचा आणि लाकडी ठोकळ्याला पेपर लावून घासायचं, जिथे खड्डा असेल तिथे काळं राहतं. पण शेवटी निकाल देतो तो तळहात. डोळे मिटून, हाताखाली पातळ फडकं घेऊन, हात सपाट ठेवून लांबपर्यंत फिरवायचा. जे डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं, कागदाच्या जाडीएवढा उंचवटासुद्धा. मी त्या जागेवरून किती वेळा हात फिरवला असेल ह्याला गणती नाही. आणि एका संध्याकाळी हात फिरवला आणि काहीच लागलं नाही. इतका आनंद मला इंजिन सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता.

म्हणजे आईचा हात त्या दिवशी जे शोधत होता तेच माझा हात महिनाभर शोधत होता. फक्त मला ते सापडायला नको होतं.

रंग मारायचं काम मी घरी केलं नाही. हल्लीच्या दोन डब्यांच्या रंगात, म्हणजे ज्यात हार्डनर मिसळतात त्यात, आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाचं कायमचं नुकसान करू शकतं आणि साध्या मास्कने थांबत नाही, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून सगळी तयारी मी केली आणि शेवटचा हात पेंटरच्या बूथमध्ये. रंगाची शेड ठरवायला मी डिकीचं रबर काढलं, त्याच्याखाली ऊन न लागलेला मूळ रंग होता, गडद, तेलकट चमक असलेला हिरवा. त्यावरून मॅच करून घेतला. मी सगळ्यांना सांगत होतो की अगदी ओरिजिनल शेड आहे. आणि आईने त्याच चक्करमध्ये, पोच्याच्याही आधी, विचारलं होतं, "हा असा होता का रे आपला रंग?" मी म्हटलं हो, हाच. पण आपला रंग हा नव्हता. आपली गाडी टपावर पांढुरकी पडलेली, बॉनेटवर पिवळट झाक असलेली, फिकट हिरवी होती, हात लावला की बोटाला खडूसारखी भुकटी लागायची. हा गडद हिरवा आमच्या घरात कुणीच कधी बघितलेला नव्हता.

हे लक्षात आलं तेव्हा मी जिन्यात बसलो होतो आणि तिथेच बसून राहिलो.

रिस्टोर करायचं म्हणजे पहिल्यासारखं करायचं, हे मी किती सहज बोलत होतो. पण पहिल्यासारखं म्हणजे कोणत्या दिवसासारखं? कारखान्यातून बाहेर पडली तो दिवस? तेव्हा ती दुसऱ्याच कुणाची होती, ते लोक मला माहीतही नाहीत. आमच्या फाटकातून पहिल्यांदा आत आली तो दिवस? ताई हॉस्टेलला गेली तो दिवस, ज्या दिवशी परत येताना मागची सीट रिकामी आणि आई गाडी चालवताना एक शब्द बोलली नाही? मी दिवस निवडला आणि निवडतोय हे मला कळलंच नाही, मी सरळ आमच्या आधीचा दिवस निवडला. त्या नऊ वर्षांच्याही पलीकडचा. आणि तिथपर्यंत मागे जाताना वाटेत आईची सगळी वर्षं होती, ती मी 80 नंबरने घासून काढली.

मी हे असं लिहितोय तर वाटेल की मला पस्तावा झाला. पूर्ण तसंही नाही. पोचा तसाच ठेवला असता तर त्या चुणीत रंग तडकलेला होता, खाली गंज धरायला लागला होता, आणखी पाच वर्षांत तिथे भोक पडलं असतं. पत्र्याच्या बाजूने विचार केला तर मी बरोबर केलं. आणि हिरवा रंग उन्हात उभा राहिला की अजूनही माझा श्वास थांबतो. पण मी प्रत्येक बोल्ट काढायच्या आधी फोटो काढला होता, प्रत्येक वायरचा, प्रत्येक वॉशरचा, शेकड्याने फोटो, आणि पोच्याचा एकही नाही. सगळे शोधले. एका फोटोत टेललाइटची वायरिंग दाखवताना कोपऱ्यात त्याची अर्धी चुणी आली आहे. तेवढीच.

तो फोटो घेऊन मी आईकडे गेलो आणि विचारलं की हा नक्की कसा लागला होता. मला वाटत होतं ताई-मी मागे भांडत असणार, लक्ष गेलं असणार. ती म्हणाली, "छे, तुम्ही शाळेत होतात. मी एकटी होते. गाडी एकटीने काढायचा पहिला दिवस माझा." शिकून झालं होतं, लायसन्स आलं होतं, पण शेजारी कुणी नसताना चालवली नव्हती. बाबा गावाला गेलेले. किल्ली दोन दिवस नुसती समोर दिसत होती म्हणाली, तिसऱ्या दिवशी घेतली. रिव्हर्स टाकला आणि दहा फुटांवर खांब. "उतरून बघितलं. पोटात गोळाच आला. मग म्हटलं, आता लागलीच आहे ना, परत बसले आणि गेले."

"कुठे गेलीस?"

"कुठेच नाही. लांबवर चक्कर मारून आले. तुम्ही यायच्या आत परत."

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांना पोचा दिसला तेव्हा एवढंच सांगितलं की खांबाला लागली. त्या चकरेबद्दल नाही.

गाडीत मी माझ्या आवडीनेही बरंच काही केलंय. हेडलाइटला रिले, म्हणजे दिव्याला बॅटरीतून थेट करंट देणारे छोटे विजेचे स्विच, टाकले, कारण जुन्या गाडीत सगळा करंट त्या बारक्या स्विचमधून फिरून जातो आणि दिव्यापर्यंत पोचेतो थकलेला असतो. रिले टाकल्यावर त्याच बल्बचा उजेड दुसऱ्या गाडीचा वाटतो. पुढच्या सीट एका मोडीत निघालेल्या गाडीच्या, ब्रॅकेट कापून-जोडून बसवलेल्या, पाठीला टेका देणाऱ्या. खांद्यावरून येणारे सीटबेल्ट. डॅशबोर्डखाली फोन चार्ज करायचं सॉकेट आणि स्विचची एक छोटी पट्टी, जी मी ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून कानशीने घासून बनवली आणि जिच्यावर मी फार खूष होतो. त्या पट्टीला जागा करायला चोकची मूठ, थंड इंजिन सुरू करताना ओढायची ती, मी तिच्या जागेवरून काढून डावीकडे खाली नेली होती. वितभर अंतर.

नंतरच्या रविवारी सकाळी थंडी होती. आई म्हणाली जरा बसून बघते. ड्रायव्हरच्या सीटवर बसली, सीट पुढे ओढून घेतली, आरसा खाली केला. आणि समोर बघत बघतच तिचा डावा हात चोक ओढायला गेला. माझ्या पट्टीवर आपटला. तिने खाली बघितलं, चोक शोधला, आणि हसून म्हणाली, "अगं बाई, इथे आणलास होय."

त्या दुपारी मी पट्टी काढली. चोकची केबल परत जुन्या भोकात ओवली, नट आवळला. स्विच आता ग्लव्हबॉक्सच्या आत आहेत, वापरायला अडचणीचे, आणि ती ॲल्युमिनियमची पट्टी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. मी आईला काही सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने किल्ली मागितली. चोक बाहेर, पाय दोनदा ऍक्सिलरेटरवर, किल्ली. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. तिने जरा वेळ गरम होऊ दिलं, चोक अर्धा आत केला, रिव्हर्स टाकला. फाटकाचा खांब अजून तोच आहे. मी धावत जाऊन खांबापाशी उभा राहिलो, हात वर करून, ये ये, डावीकडे, थोडं डावीकडे.

तिने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"बाजूला हो तू. मला दिसतोय."